मामीचा गळ आणि दाजींचा कान

माझ्या सासरी मासा हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. अगदीच वेळ आली तर 'पाण्यातलं' म्हणत, आणि म्हणून झाल्यावर चूळ भरत.

यात त्यांची काही चूक नव्हती. राजूरला गणपतीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं नारळ-प्रसादाचं दुकान. चतुर्थीला त्या घरात कांदासुद्धा टोपलीत तोंड लपवून बसायचा. आणि मी आले गोदाकाठच्या गावातून, जिथं लेकरू आधी गळ टाकायला शिकतं आणि मग चालायला. लग्न ठरवताना आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, एकच अट घातली होती, "पोरगी चांगली हाय. पन तिकडचं तिकडंच ठेवायचं."

मी ते दोन वर्षं तिकडंच ठेवलं. मग नव्वदच्या आसपासचा एक उन्हाळा आला, आणि माझ्या तिन्ही नणंदा लेकरांसकट माहेरपणाला आल्या.

लेकरं नक्की किती होती ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. मोजायला घेतली की एकदा पंधरा भरत, एकदा अठरा. गल्लीतली दोन-चार त्यांत मिसळून जेवूनही जात. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दुकानातले नारळ चेंडू म्हणून नेले, ज्वारीच्या कणगीत लपंडाव खेळले (लपलेल्याला बाहेर काढायला कणगी आडवी करावी लागली), आणि मामंजी दुपारी झोपलेले असताना त्यांच्या टकलावर अष्टगंधानं दोन डोळे आणि एक सोंड काढली. मामंजी उठून तसेच दुकानात जाऊन बसले. संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकं त्यांच्या टकलाला नमस्कार करून जात होती.

दुसऱ्या दिवशी आत्याबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं.

"सूनबाई, ह्या लेकरायला कुठंबी घेऊन जाय. पन चार वाजायच्या आत घरी आणू नको. दुपारचं जावायाला झोप लागली पाहिजे."

जावई म्हणजे थोरल्या नणंदेचे यजमान. सगळे त्यांना दाजी म्हणत, आणि तेही रजा काढून मुक्कामाला आले होते. साखर कारखान्यात टाइमकीपर होते आणि रुसण्यात त्यांच्या तोडीचा माणूस तालुक्यात नव्हता. आदल्या वर्षी पुरणपोळीवर तूप वाढायला उशीर झाला, तर ताटावरून उठले, मोटारसायकलला किक मारली आणि थेट कारखान्याचं अंकुशनगर गाठलं. वन्सं मागं राहिल्या आणि त्यांच्या साड्यांची पिशवी हँडलला लटकून पुढं गेली. तेव्हापासून दाजी जेवायला बसले की आमच्याकडे आधी तूप वाढत आणि नंतर पोळी.

तर, मी ती सगळी वरात घेऊन गावाबाहेरच्या पाझर तलावावर गेले. मे महिन्यात तलावाचं पाणी आक्रसून मधोमध गेलेलं असतं. कडेनं चिखल, बांधाला बाभळी, माणूस कोणी नाही. लेकरं थोडा वेळ दगड मारत बसली. मग पाण्यात एकदम 'पुळुक' झालं.

"मामी, ते काय व्हतं?" सांगीनं विचारलं. सांगी ही मधल्या नणंदेची मुलगी. वय नऊ-दहा, ताकद मात्र बैलजोडीची.

"मरळ हाय. वर येऊन दम घेती," मी म्हणाले.

म्हणाले आणि जीभ चावली. सगळा घोळका माझ्याकडे बघत होता.

"मामी, तुला कसं माहीत?"

"असंच."

"धरता येती का?"

इथं मी 'न्हाई' म्हणाले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण दोन वर्षांत मला कोणी असं काही विचारलंच नव्हतं, ज्याचं उत्तर मला त्या घरातल्या सगळ्यांपेक्षा चांगलं येत होतं. आत्याबाईंच्या हाताखाली मी भाजी चिरत होते, तीही चुकत होते.

"येती," मी म्हणाले.

आठवडी बाजारात सुया, दोरे, फण्या विकणारे एक चाचा बसत. मी पदर पुढं ओढून त्यांच्यासमोर उकिडवी बसले आणि हळूच म्हणाले, "चाचा, गळ हाय का?"

चाचांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग देवळाच्या कळसाकडे. "भाबी, तुमारे घर में?"

"माहेराला पाठवायचेत."

"बराबर. कित्ते?"

"वीस द्या."

"मायके में शादी है क्या?" असं विचारून त्यांनी ते सेफ्टी पिनांच्या पुड्याखाली बांधून दिले. माणूस समजदार.

दुसऱ्या दिवसापासून शाळा भरली. निरगुडीच्या काठ्या, गोधडीचा दोरा, तरंगायला ज्वारीच्या धाटाचे तुकडे. आमिषाचा प्रश्न होता. मरळीला बेडूक लागतो. पण प्रसादाच्या दुकानातली लेकरं, त्यांच्या हातून बेडूक कसा मारायचा? म्हणून मी पदराखालून वाटीभर कणिक आणली आणि तिच्या गोळ्या केल्या. कणकेला मरळ येत नाही, पण रोहू येतो. नियम तीनच होते. बाभळीच्या सावलीपुढं पाण्यात पाय टाकायचा नाही. मासा धरायचा, पाहायचा आणि सोडायचा. आणि घरी कोणी विचारलं तर आपण विटीदांडू खेळलो.

"आन् लागला हे कसं कळंल?" सांगीनं विचारलं.

"काठी जड लागती. जड लागली की मागंपुढं पाहायचं न्हाई. झटका द्यायचा आन् वढायचं. ढील बिलकुल सोडायची न्हाई."

'मागंपुढं पाहायचं न्हाई' हे माझे शब्द होते. ते मी नंतर पुष्कळ वेळा आठवले.

खरं सांगायचं तर माझा जीव सारखा टांगणीला होता. एक डोळा पाण्यावर, एक लेकरांवर आणि तिसरा असता तर बांधावर ठेवला असता. चिखलात कोणाचा पाय रुतला की मी धावत जाऊन त्याला दंडाला धरून उपसायची. गावाकडून एखादं माणूस येताना दिसलं की सगळ्या काठ्या गवतात आणि अठरा लेकरं हाताची घडी घालून आकाशाकडे. जाणाऱ्याला वाटायचं, पोरांना कोणी शिक्षा केली आहे. मासा एकही लागला नव्हता, पण शिस्त मात्र लष्करी होती.

आणि एका दुपारी दाजी आले.

त्यांना झोप लागली नव्हती. चहा मागितला तर घरात सगळ्या पेंगत होत्या, आणि मुलगा पप्पू दिसेना. म्हणून रुसावं की शोधावं याचा विचार करत ते मोटारसायकलवरून तलावाकडे निघाले. बांधापलीकडे गाडी लावली आणि बाभळींमधून चालत माझ्या सगळ्या पलटणीच्या पाठीमागं येऊन उभे राहिले. आम्हा कोणालाच पत्ता नाही.

नेमक्या त्याच वेळी सांगीनं गळ टाकायला काठी मागं फिरवली.

काठी पुढं येईना.

"मामी," सांगीनं हाक मारली. "जड लागून राह्यलं."

तिचा गळ पाण्यात नाही हे तिच्याही लक्षात आलं नाही आणि माझ्याही. मी दुसऱ्या टोकाला एका पोराच्या दोऱ्याची गाठ सोडवत होते. मी मान वर न करता ओरडले, "वढ. ढील सोडू नको."

सांगीनं झटका दिला. असा झटका मी माझ्या भावालाही शिकवू शकले नव्हते. आजूबाजूची चार-पाच लेकरं मदतीला धावली आणि सगळ्यांनी मिळून काठी खांद्यावरून पुढं खेचायला सुरुवात केली. मागून एक बारीक आवाज आला, "सोड. अगं सोड."

मी वळून पाहिलं. दाजी कमरेत वाकून, मान तिरकी करून, बारीक पावलं टाकत सांगीच्या मागं मागं येत होते. गळ त्यांच्या उजव्या कानाच्या वरच्या पाळीत आरपार शिरायला निघाला होता.

"सांगे, ढील सोड," मी म्हणाले.

"पन मामी, तूच म्हनली—"

"सोड म्हंते ना."

काठी खाली पडली.

आता आमच्या घराची रीत अशी, की सुनेनं जावयाशी थेट बोलायचं नाही. दोन वर्षांत मी दाजींशी एक शब्द बोलले नव्हते. मी पदर डोक्यावर घेतला आणि पप्पूला मध्ये उभं केलं.

"पप्पू, तुझ्या पप्पाला सांग, हलू नका म्हणावं. गळाला मागं काटा असतो. मागं वढला तर कान फाटंल."

पप्पू बापाकडे वळला. "पप्पा, मामी म्हणून राह्यली, तुमचा कान फाटणार हाय."

दाजींचा चेहरा चुन्यासारखा झाला. "तिला इचार, मंग काय करायचं?"

"त्यायला सांग, गळ पुढं ढकलायचा. टोक भाईर आलं की तोडायचं आन् उरलेला मागं काढायचा. म्या भावाचा काढलेला हाय, अंगठ्यातला."

"पप्पा, मामीनं तिच्या भावाचा अंगठा काढलेला हाय."

दाजी मटकन खाली बसले.

मोटारसायकलच्या हत्यारांच्या पिशवीतून पक्कड आणायला सांगीला पाठवलं. ती रडत रडत गेली आणि येताना पक्कड, पाना, पंक्चरचं सामान असं सगळंच घेऊन आली, न जाणो काय लागेल म्हणून. लेकरांनी आम्हाला घेरलं. कोणी दाजींचा हात धरला, कोणी पाय. गल्लीतलं एक पोरगं त्यांच्या तोंडावर तलावाचं पाणी शिंपडत होतं. त्याला कोणी सांगितलं होतं ते आजतागायत कळलेलं नाही. मी पदर दातात धरला, गणपतीचं नाव घेतलं (त्याच्याच भक्ताच्या जावयाला टोचताना त्याचंच नाव घ्यायची मला लाज वाटली, पण दुसरा देव जवळपास नव्हता) आणि गळ पुढं ढकलला.

दाजींनी डोळे मिटून "आई" म्हटलं. टोक बाहेर आलं. मी पकडीत धरलं.

"मामी, आजी येऊन राह्यली," बाभळीवर चढून बसलेलं एक पोरगं म्हणालं.

पक्कड आवळली. कट्ट झालं. उरलेला गळ मागं ओढून काढला, दोरा तोडला आणि गळ मुठीत दाबला. तेवढ्या वेळात, मी शिकवलेल्या शिस्तीनुसार, सगळ्या काठ्या नाहीशा व्हायला हव्या होत्या. गवत लांब पडलं म्हणून लेकरांनी त्या दोऱ्या-गोळ्यांसकट तलावात फेकल्या. आणि हाताची घडी घालून आकाशाकडे पाहू लागली.

आत्याबाई बांध उतरून आल्या. जावई बिछान्यावर नाहीत म्हणून घाबरून निघाल्या होत्या. समोर पाहतात तो जावई मातीत बसलेले, कानातून रक्त, तोंड ओलं. आणि सून पदर दातात धरून, हातात पक्कड घेऊन त्यांच्यावर वाकलेली.

"हे काय करून राह्यली तू?"

मी माझं लग्न, माझं माहेर, जालन्याला जाणारी एसटी, सगळं डोळ्यांपुढून जाताना पाहिलं. आता 'तिकडचं' सगळं इकडं येऊन पडलं होतं.

तेवढ्यात दाजी बोलले. "काटा लागला, आत्या. बाभळीचा."

"कानाला?"

"वाकलो व्हतो."

"आन् काट्याला पक्कड?"

"लई खोल गेल्ता."

आत्याबाईंनी बाभळीकडे पाहिलं, पकडीकडे पाहिलं, मग लेकरांकडे. अठरा लेकरं आकाशात काय बघतायत म्हणून त्यांनीही वर पाहिलं. वर काहीच नव्हतं. मला वाटलं, निभावलं.

आणि मग पाण्यावर तरंगणाऱ्या काठ्यांमधली एक काठी निघाली.

आधी ती जागच्या जागी फिरली. मग बुडाली, वर आली आणि सरळ पलीकडच्या काठाकडे चालू लागली. चांगली वेगात. कित्येक दुपारी ज्याची वाट पाहिली तो रोहू लागला होता, आणि काठी धरायला कोणीच नव्हतं. सांगीचे हात शिवशिवत होते. मी तिच्या पायावर पाय दिला.

"ती काठी कुठं चालली?" आत्याबाईंनी विचारलं.

"वारं हाय, आजी," पप्पू म्हणाला.

बाभळीचं पान हलत नव्हतं. काठी तलावाच्या मध्यावर गेली, तिनं एक वळसा घेतला आणि वाऱ्याच्या उलट दिशेनं (वारं असतं तर) परत आमच्याकडे येऊ लागली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. आत्याबाईही बघत राहिल्या. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "जल्दी घरी चला. जावायाला सुई द्यावी लागंल."

डॉक्टरांनी धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि कानाला एवढी मोठी पट्टी बांधली की दाजींना टोपी बसेना. थोरल्या वन्सं बाभळीला शिव्या देत होत्या. मला प्रत्येक शिवी बरोबर पत्त्यावर मिळत होती.

संध्याकाळी पंगत बसली. मी वाढत होते. लेकरं इतकी गुपचूप जेवत होती की मामंजींना चैन पडेना. त्यांनी मांडीवर बसलेल्या सगळ्यांत धाकट्या नातीला, चिंगीला, लाडानं विचारलं, "काय शिकली माझी बाय सुट्टीत?"

"मरळीला बेडूक लागतो," चिंगी म्हणाली.

वरणाची पळी माझ्या हातात तशीच राहिली. मामंजींचा घास हवेत थांबला. "कोणाला?"

चार साडेचार वर्षांच्या चिंगीनं पुन्हा तोंड उघडलं, आणि दाजींना जोराचा ठसका लागला. ठसका ओसरल्यावर ते म्हणाले, "हरळ, मामा. हरळीत बेडूक ऱ्हातो म्हणून राह्यली ती. तलावाकडं हरळ लई माजली."

"हा," मामंजी म्हणाले. "माजते पाण्यानं." आणि घास तोंडात गेला.

दोनदा वाचवलं माणसानं. मला भरून आलं. जेवणं झाल्यावर मी पप्पूच्या हाती सुपारीची ताटली देऊन निरोप पाठवला, की तुमचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. पप्पू उलटा निरोप घेऊन आला. "पप्पा म्हणले, उपकार-बिपकार काही न्हाई. पोरीनं गळाला लावून फरफटत नेलं हे कारखान्यावर कळलं तर माझी काय इज्जत ऱ्हाईल? तवा तिलाच सांग, जन्मभर गप ऱ्हाय म्हणावं."

मी भांडी घासायला बसले. आत्याबाई मागून आल्या आणि शेजारी पाटावर टेकल्या. मी तीच कढई परत परत घासत होते.

"सूनबाई," त्या म्हणाल्या.

"जी."

"कणकीच्या डब्यातून काही घ्यायचं तर मला इचारून घेत जाय. मला वाटलं, उंदीर लागले. काल पिंजरा लावला म्या."

मी खाली मान घातली. "चुकलं, आत्याबाई. उद्यापासून न्हाई जाणार तलावावर."

"असं कोण म्हनलं?" आत्याबाईंनी आवाज खाली आणला. "ह्या आठ दिवसांत दुपारी डोळा लागला मपला. लेकी आल्यापसून पह्यल्यांदा. तू आपली घेऊन जाय त्यायला. तिथं काय करता ते मला सांगू नको, मी इचारणार न्हाई. कणिक मी काढून ठेवंन." उठताना त्यांना काहीतरी आठवलं. "पन चार म्हंजे लई लवकर व्हतं. पाच वाजू दे."

मग उरलेली सगळी सुट्टी आम्ही तलावावर काढली. मासा एकही हाती आला नाही. लेकरं आपापल्या गावी गेली आणि सांगीनं आपल्या गल्लीत जाहीर करून टाकलं, "मामीला मासे धरता येत न्हाईत. पन माणसाच्या आत गेलेलं काही असलं तर बराबर काढती."

हे बोलणं फिरत फिरत आमच्या राजूरला आलं. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या बाईनं नाकात चिंचोका घातलेलं पोरगं डॉक्टरकडे न नेता माझ्याकडे आणलं. मी नको नको म्हणत होते, बाई ऐकेना. शेवटी म्हटलं निदान बघू तरी, आणि दिवा आणायला घरात गेले. बाहेर, सुट्टीला परत आलेल्या सांगीनं त्या पोराला मागच्या वर्षीचा दाजींचा किस्सा सांगितला. मी दारात आले, पोरानं मला पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की चिंचोका उडून अंगणात पडला.

गावात आजही सांगतात, तिच्या हाताला फार गुण आहे, हात लावायच्या आधीच माणूस बरा होतो.